उपासाला न चालणारी गोळी

दीपमालाची आणि आमची ओळख झाली ती मी तिची शेवंती मारली म्हणून. अठ्ठ्याण्णव साली आम्ही गंगापूर रोडच्या पुढे, जिथं तेव्हा नाशिक संपून मळे सुरू व्हायचे, तिथल्या एका नव्या रो-हाऊसमध्ये राहायला आलो. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची जमीन मिळाली होती. चार खाटा टाकल्या की भरून जाईल एवढीच, पण जमीन. तिच्यावर गाजरगवत माजलं होतं. बँकेत खुर्चीवर बसून पीककर्जाचे अर्ज तपासणाऱ्या माणसाला आपल्याला शेतीतलं कळतं असं हळूहळू वाटायला लागतं. मी तणनाशक आणलं, पाठीला पंप बांधला आणि भर वाऱ्यात फवारणी केली. गाजरगवत होतं तसं राहिलं. तारेच्या कुंपणापलीकडचे शेवंतीचे दोन वाफे मात्र आठवडाभरात पिवळे पडले आणि माना टाकून बसले.

एका सकाळी कुंपणाशी एक बाई येऊन उभी राहिली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. हातात मुळासकट उपटलेलं शेवंतीचं रोप.

"काका, काय मारू राहिले होते तुम्ही त्या दिवशी?"

"गवत," मी म्हणालो.

"गवत तर तुमच्याकडं उभंच हाय."

तिने भांडायला हवं होतं, आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीत उभा होतो. पण तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागे, आमच्या खिडकीत ठेवलेल्या टेलिफोनकडे गेलं होतं.

"फोन चालू हाय का तुमचा?"

"आहे की."

"मग तुमचा नंबर दवाखान्यात देते. आमच्याकडं नाय फोन. निरोप आला तर मला एकटीलाच सांगायचा. मळ्यात बाया असतात कामाला, त्यांच्यापुढं नाय."

मी मान डोलावली. शेवंतीचा विषय तिने नंतर कधी काढला नाही. त्या दिवसापासून आमचा फोन तिचा पी.पी. नंबर झाला आणि मी त्या फोनचा शिपाई.

दीपमालाचं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नवरा भारत, सासू ठमाबाई आणि कुंपणापलीकडचा फुलांचा मळा एवढं त्यांचं घर. सासरे फार पूर्वी गेले होते. पहाटे फुलं तोडायची, भारतने ती सायकलच्या दोन्ही बाजूंना करंड्या बांधून फुलबाजारात न्यायची, आणि दिवसभर पाणी, खुरपणी, औषध. ते औषध ती वारा पडल्यावर मारायची, हे मी नंतर पाहिलं. घरात कमी काही नव्हतं. मूल नव्हतं.

आमच्या हिच्याशी तिची ओळख वाढली तसं हळूहळू सगळं कळत गेलं. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिच्या तपासण्या चालू होत्या. नळ्यांचा एक्स-रे झाला, नॉर्मल. सोनोग्राफी झाली, नॉर्मल. भारतची तपासणी करायची ठरली तेव्हा तो आठवडाभर बाजारातून उशिरा यायला लागला. शेवटी ठमाबाई म्हणाली, "गायीला तपासतेत तसं बैलालाबी तपासतेत. जा." तो गेला. तोही नॉर्मल. दर वेळी दवाखान्यातून फोन यायचा, पलीकडची मुलगी गोड आवाजात "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणायची आणि मी आनंदाने कुंपणाकडे धावायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर दीपमाला म्हणाली, "काका, तुम्ही हसत येऊ नका. नॉर्मल म्हणलं का मला जास्तच भीती वाटती. काहीतरी मोडलेलं सापडलं तर दुरुस्त तरी करता येईल. सगळंच नॉर्मल असंल तर काय करायचं?"

पुढच्या खेपेला मी गंभीर चेहऱ्याने गेलो. माझा तो चेहरा पाहून ती खुरपं टाकून मटकन खालीच बसली. तेव्हापासून कुठला चेहरा घेऊन जायचं हे मला कधीच ठरवता आलं नाही.

तिला भीती नेमकी कशाची, ते ती आमच्या हिच्यापाशी एकदाच बोलली. भारतची आत्या दिंडोरीकडे असायची. ती आली की एखाद्या मुलीचा विषय निघायचा, शांत आहे, कामाला चांगली आहे, अमक्याची पुतणी आहे. भारत उठून जायचा. ठमाबाई काहीच बोलायची नाही, सुपातलं धान्य निवडत राहायची. "काकू, त्यांनी हो म्हणलं असतं तर मी भांडले असते. नाय म्हणलं असतं तर पाया पडले असते. त्या नुसत्या निवडत राहतात," असं ती म्हणाली. आत्या गेली की दीपमाला ते धान्य उगाच परत पाखडायची, असं आमची ही सांगते.

नव्व्याण्णवच्या सुरुवातीला फोन आला. या वेळी स्वतः डॉक्टरीणबाई होत्या. रक्ताच्या एका तपासणीत थायरॉईडचा आकडा थोडा वर निघालाय, फार नाही, पण तिला भेटायला पाठवा. मी तो शब्द बोलपेन काढून तळहातावर लिहून घेतला आणि कुंपणावर जाऊन वाचून दाखवला.

"ते कुठं असतं?"

"गळ्यात," मी म्हणालो. मला एवढंच माहीत होतं, आणि तेवढंही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

घोटीकडची कुसाबाई त्यांच्याकडे वर्षाचा तांदूळ घेऊन यायची. तिच्या गळ्याला मोठ्या लिंबाएवढी गाठ होती, बोलताना वरखाली व्हायची. दीपमालाच्या डोळ्यांपुढे तीच गाठ आली. दुसऱ्या दिवसापासून तिने पदर गळ्याभोवती गुंडाळून घ्यायला सुरुवात केली. फुलं तोडता तोडता हात गळ्याकडे जायचा, चाचपायची, पुन्हा तोडायची. घरातला आरसा लहान होता म्हणून दुपारी आमच्याकडे येऊन कपाटाच्या आरशात मान वर करून बघत उभी राहायची.

"काकू, बघा ना, डावीकडं जास्त वाटतंय का?"

"अगं, काही नाही तिथं."

"काही नाय तर काय. कुसाबाईच्या गळ्याला एवढी गाठ, तिला पाच पोरं झाली. माझ्या गळ्याला काहीच नाय आणि डॉक्टर म्हणती गळ्यातच बिघडलंय."

मी पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. गळ्यातली ग्रंथी जरा सुस्त आहे, आजारी नाही. अशी सुस्त ग्रंथी असलेल्या कितीतरी बायकांना काही न करता मुलं होतात, कितीतरी जणींना गोळी घेऊनही होत नाहीत. पण तुझ्यात दुसरं काहीच सापडत नाही, तेव्हा एवढं एक दुरुस्त करून बघू. घरी आल्यावर दीपमालाने हे सगळं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "म्हणजे होईल का नाय होणार?" मी बँकेतला माणूस. 'विचाराधीन आहे' हे उत्तर मी हजार लोकांना दिलंय. त्या दिवशी मात्र मी तिला पुढच्या तपासणीची तारीख विचारली.

गोळी अगदी बारीक होती, पांढरी, संक्रांतीच्या काटेरी हलव्याच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर चहासुद्धा नाही. मळ्यातल्या माणसाला पहाटेच्या चहाशिवाय फुलं दिसत नाहीत. ठमाबाई चूल पेटवून चहा ठेवायची, सगळ्यांना कप भरायचे, आणि दीपमाला चहाच्या वासात उभी राहून कोरड्या तोंडाने झेंडू तोडायची. तरी तिने ते केलं. "रोज घेते," असं ती डॉक्टरीणबाईंना सांगायची, आणि खोटं बोलण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

पण आकडा उतरला नाही. दोन महिन्यांनी बघितला, तसाच. गोळी वाढवली. पुन्हा बघितला, तर पहिल्यापेक्षा वर. आता घाबरायची पाळी सगळ्यांची होती. भारतने बाजारात कोणाकडून तरी ऐकलं की असं वाढत गेलं तर गळा कापावा लागतो. तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, मान खाली घालून. "काका, तिला सांगू नका, पण कापायचं म्हणले तर मी नाय कापू देणार. मूल नको मला," असं म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला. हे त्याने तिला सांगायला हवं होतं. तिला सांगायची त्याची छाती नव्हती, म्हणून मला सांगितलं. तिला सांगू नका असंही बजावून गेला, त्यामुळे ते माझ्या गळ्यात अडकलं, आणि त्यावर कुठली गोळी नव्हती.

त्र्यंबकेश्वरला जाऊन त्यांनी नाग मारल्याचा दोष काढणारा नारायण नागबळीचा विधीही करून घेतला. विहीर खणताना सासऱ्यांच्या हातून एक नाग मेला होता, ही गोष्ट ठमाबाईने तीस वर्षं मनात ठेवली होती. आत्या दुसऱ्या मुलीचा विषय काढायची तेव्हा ठमाबाईला तो नाग आठवायचा. दोष सुनेचा नाही, आपल्या घराचा, हे तिला पक्कं माहीत होतं, पण तसं तोंडाने कबूल करायची तिला भीती वाटायची. म्हणून ती निवडत बसायची. त्र्यंबकहून परत आल्यावर एके दुपारी तिने हे आमच्या हिला सांगितलं.

मग एका गुरुवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाजात त्रासलेपण होतं. "अहो, ही रोज घेते म्हणते. मग हे वाढतंय कसं? तुम्ही शेजारी राहता, जरा विचारा नीट."

मी कुंपणावर गेलो. दीपमाला गुलाबाच्या ओळीत होती, ठमाबाई बांधावर बसून फुलं निवडत होती.

"गोळी घेतलीस का आज?"

"आज गुरुवार हाय काका."

"मग?"

"गुरुवारचा उपास असतो मला."

"उपास आहे म्हणून गोळी नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उपासाला मटण चालतं का असं विचारलं. मग एकेक करून बाहेर आलं. सोमवार होता, सोळा सोमवारांचा. गुरुवार होता. शुक्रवार संतोषीमातेचा. चतुर्थी, एकादशी होतीच. आकडा वाढला तसा सासूने घाबरून आणखी एक मंगळवार बोलला होता. आकडा वाढायचा, की भीती वाढायची, की उपास वाढायचा, की गोळ्या कमी व्हायच्या, की आकडा पुन्हा वाढायचा. "रोज" म्हणजे तिच्या हिशेबात जेवणाचे दिवस. उपासाच्या दिवसांचा नियम निराळा, आणि हे कोणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

मी ठमाबाईकडे वळलो. "मावशी, उपासाला साबुदाणा चालतो ना?"

"चालतो."

"शेंगदाणे, बटाटा?"

"चालतो की."

"चहा?"

"चहाबिगर माणूस जगंल का?"

"मग एवढीशी गोळी का नाही चालत?"

"बटाटा आम्ही जमिनीतून निघताना बघतो. गोळी कशातून निघती ते दावा मला. मीठ असंल, अंडं असंल, काय बी असंल."

मला गोळी कशातून निघते ते दाखवता येईना. मी डॉक्टर, विज्ञान, बाजारातली बाकीची सगळी औषधं यांची नावं घेऊन पाहिली. ठमाबाई पाकळ्या झटकत ऐकत होती. मग मी कंटाळून खरं ते सांगून टाकलं, की मावशी, तुमच्या उपासांमुळे हिची गोळी बुडतेय, आणि गोळी बुडतेय म्हणून आकडा चढतोय.

ठमाबाईचे हात थांबले. तिने सुनेकडे पाहिलं. माझ्या समजुतीप्रमाणे ती आता माझ्यावर उखडणार होती. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"म्हंजी माझ्यामुळं?"

"तसं नाही हो मावशी."

"तसंच हाय. तुम्ही नका घोळ घालू." तिने हातातलं फूल खाली ठेवलं. मग म्हणाली, "देवाला बोललेले उपास हायेत. सोडता येत नाय. सोडले आणि काही वंगाळ झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू. पण कोणी धरायचे ते देवानं कुठं सांगितलंय. आजपासून सगळे मी धरते. तू उठलीस का गोळी खायची. सणवार बघायचा नाय."

"आत्या, सगळे? तुम्ही मरून जाल," दीपमाला म्हणाली. ती सासूला आत्या म्हणायची.

"मी लय जेवलीये आतापर्यंत."

त्या दिवसापासून ठमाबाईने स्वतःच्या जुन्या उपासांवर सुनेचे सगळे उपास चढवले. आठवड्यात ती कोणत्या दिवशी जेवते हे आम्हाला पाठ करावं लागलं. दीपमालाच्या मागे एक नवीनच काळजी लागली. आधी तिला वाटायचं की मूल झालं नाही तर आपल्याला घालवतील. आता तिला वाटायला लागलं की मूल झालं नाही तर ही म्हातारी आपल्यापायी उपाशी मेली असं होईल. सोमवारी सकाळी ती गोळी तोंडात टाकायची तेव्हा सासूकडे पाठ करून उभी राहायची.

आकडा उतरला. वर्ष संपायच्या आत तो हवा तिथे आला. आम्हाला वाटलं झालं. पण पुढचं सबंध वर्ष काहीच झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं, याची खात्री नसते. ठमाबाई हाडकून गेली होती. आत्या दिंडोरीहून आली, दारात उभी राहिली, भावजयीचा अवतार बघून घाबरली आणि त्या खेपेला मुलीचा विषय न काढताच परत गेली.

आणि दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एके दिवशी फोन वाजला. मी उचलला, ऐकला, आणि कुंपणाकडे निघालो. कुठला चेहरा घेऊन जायचं ते मला अजूनही ठरवता आलं नव्हतं, पण चेहऱ्याने स्वतःच ठरवलं असावं, कारण दीपमालाने लांबूनच हात वर करून मला थांबवलं.

"बोलू नका. कोणाला बोलू नका. तीन महिने तर अजिबात नाय."

तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळी बंद करायची का? त्या म्हणाल्या, बंद नाही, थोडी वाढवायची, आता बाळालाही तिची गरज आहे. हे ऐकल्यापासून ती एका गोळीवर दोन जीव टांगल्यासारखी वागायला लागली. पाणी पिऊन झाल्यावर ग्लास उलटा करून बघायची, गोळी तळाशी चिकटून राहिली नाही ना म्हणून. भारत बाजारातून आला की आधी विचारायचा, "घेतली?" आणि ठमाबाई उपाशीपोटी बांधावरून ओरडायची, "माझ्यासमोर घेतली."

तिसरा महिना संपता संपता एका दुपारी भारत कुंपणावरून उडी मारून आमच्या दारात आला. त्याने नुसतं मळ्याकडे बोट दाखवलं. मी गाडीची किल्ली घेतली. तेव्हा आमच्याकडे जुनी मारुती होती, मागचं एक दार आतून उघडत नसे. दीपमाला मागच्या सीटवर ठमाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. साडीला रक्त लागलं होतं. गंगापूर रोडला इतके गतिरोधक आहेत हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. प्रत्येकावर मी गाडी उचलून पलीकडे ठेवल्यासारखी नेत होतो, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आरशात मला ठमाबाई दिसत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं जप चाललाय. नंतर तिनेच सांगितलं, ती पुढच्या वर्षीचे उपास बोलत होती.

दवाखान्यात त्यांनी तिला आत नेलं. भारत भिंतीला टेकून खाली बसला. मला एरवी अशा वेळी काहीतरी गमतीचं सुचतं, लोकांना ते आवडतं असा माझा समज आहे. त्या दिवशी मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो आणि मला ते पुरतं पाहवेना. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ठोके चालू आहेत, म्हणाल्या. घरी जाऊन पडून राहायचं, काही उचलायचं नाही. ठमाबाईने त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "आणि गोळी?"

"गोळी चालू ठेवायची."

"उपासाला बी?"

"उपासालाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

जानेवारीत मुलगी झाली. नाव सृष्टी. जन्मल्यावर तिच्याही रक्ताची ती तपासणी केली, आणि त्या रिपोर्टचा फोन माझ्याकडे येईपर्यंत मळ्यात कोणी धड जेवलं नाही. त्यात ठमाबाईला नवीन काही करावं लागलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला. मी कुंपणावर जाऊन "नॉर्मल" म्हणालो आणि पहिल्यांदाच दीपमाला त्या शब्दाला हसली, पण बाळाच्या गळ्याला हात लावून बघून मगच.

आता सृष्टी पहिलीत जाते. मळ्याचा निम्मा भाग गेला, तिथं इमारत उभी आहे, आणि भारतच्या खिशात मोबाइल आहे, त्यामुळे मी शिपाईगिरीतून निवृत्त झालो. दीपमालाने दुसऱ्या मुलाचा विचार केला नाही. "एवढ्या भीतीत परत नाय जायचं," म्हणते. गोळी मात्र अजून चालू आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की तुझा त्रास मुळात थोडाच होता, आता मूलही व्हायचं नाही, दोन महिने गोळी थांबवू आणि आकडा बघू, कदाचित लागणारही नाही. ती ऐकून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी गोळी घेतली. ठमाबाईनेही आपले उपास सोडले नाहीत. दोघी एकमेकींकडे बघून चालू ठेवतात.

परवा संध्याकाळी दीपमाला ओट्यावर बसून सृष्टीच्या वेण्या घालत होती. ठमाबाईचा उपास होता, ती भगर निवडत होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि मला जेवढा समजूतदार आवाज काढता येतो तेवढा काढला. म्हटलं, "अगं, मूल गोळीने झालं की उपासाने झालं की आपोआप झालं, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. पोरगी सहा वर्षांची झाली. आता तू गोळी थांबवलीस तर तिला काय होणार आहे? दोन महिने बंद करून बघ तरी."

दीपमालाने रिबिनीची गाठ आवळली.

"काका, तुमचं काय जातंय बघायला, पोर माझी हाय."